दादांचे घड्याळ

(जुन्या वस्तू आपण दोन प्रकारे गमावतो. काही टाकून देतो, तर काही जपून ठेवता ठेवता विसरतो. प्रस्तुत पाठात लेखकाने आजोबांच्या एका हातघड्याळाची आणि त्याच्या दुरुस्तीची हकिकत सांगितली आहे. चावीचे घड्याळ कसे चालते आणि त्याची निगा कशी राखावी, हेही या पाठातून समजते.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी पेटी असेल. तिच्यात कागदपत्रे, जुनी छायाचित्रे, चष्म्याचे घर अशा वस्तू असतील. कदाचित त्यांतच एखादे बंद पडलेले हातघड्याळही असेल. ते कोणाचे होते, कधी थांबले आणि का थांबले, हे तुम्ही घरी कधी विचारले आहे का? आमच्या घरच्या अशाच एका घड्याळाची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

आपल्या घरांत आजोबांना 'दादा' म्हणतात. माझे दादा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये कामाला होते. ही कापड गिरणी राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केली होती. २००३ साली ती बंद पडली. गिरणीत पाळीची वेळ चुकवून चालत नसे. म्हणून १९७३ साली दादांनी पैसे साठवून एक घड्याळ घेतले. ते एच.एम.टी. कंपनीचे 'जनता' घड्याळ होते. एच.एम.टी. ही भारत सरकारची कंपनी. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. त्यापूर्वी आपल्याकडे बहुतेक हातघड्याळे परदेशातून येत. 'जनता' हे नाव त्या घड्याळाला शोभणारेच होते. गिरणी कामगार, शिक्षक, कारकून यांच्या मनगटावर ते दिसू लागले.

दादा रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर घड्याळाला चावी देत. वुजू करताना ते काढून कोनाड्यात ठेवत, कारण त्यात पाणी जाण्याची भीती असे. आम्हां मुलांना त्याला हात लावण्याची परवानगी नव्हती. १९९७ साली दादा वारले. अब्बांनी घड्याळ रुमालात गुंडाळून पेटीत ठेवले.

२००० साली मी बारा वर्षांचा होतो. एका दुपारी घरात कोणी नसताना मी पेटी उघडली आणि घड्याळ बाहेर काढले. दादा देत तशी मी त्याला चावी दिली. सेकंदाचा काटा हलला! मी कानाशी धरून टिकटिक ऐकली. पण थोड्याच वेळात ती थांबली. मी घाबरून आणखी चावी दिली. चावी फिरेनाशी झाली, तरी घड्याळ चालू होईना. संध्याकाळी सारे उघडकीस आले. "जास्त चावी देऊन यंत्र तोडले," असे चाचा म्हणाले. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी घड्याळ पुन्हा रुमालात बांधले. मित्रांनो, रागावण्यापेक्षा ते न बोलणे मला अधिक लागले. दादांची एकुलती एक आठवण आपण मोडली, हे ओझे मी पुढे चोवीस वर्षे मनात बाळगले.

२०२४ साली घराला रंग देताना ती पेटी पुन्हा उघडली. घड्याळ दुरुस्त करायचेच, असे मी ठरवले. प्रथम मी एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आतले यंत्र काढून बॅटरीचे यंत्र बसवतो. तबकडी नवी चकचकीत घालतो. तासाभरात नवे घड्याळ घेऊन जा." मी 'हो' म्हणणारच होतो. पण मनात आले, यंत्र नवे, तबकडी नवी, मग दादांचे काय राहिले? फक्त वरचे घर! मी घड्याळ परत घेतले.

मग कोणीतरी मला महाद्वार रोडजवळच्या एका बोळात बसणाऱ्या वयस्कर कारागिरांचा पत्ता दिला. त्यांचे दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक दिवा आणि एक स्टूल. मी त्यांना काका म्हणू लागलो. ते मला सर म्हणत. पूर्वी अशी दुकाने बरीच होती. पुढे बॅटरीवर चालणारी घड्याळे आली. त्यांना चावी द्यावी लागत नाही आणि ती वेळही अधिक अचूक दाखवतात. जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ हातघड्याळ १९६९ साली बाजारात आणले. नंतर ती स्वस्त झाली, हातोहाती मोबाइलही आले, आणि चावीच्या घड्याळांचे कारागीर कमी होत गेले. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे या घड्याळांचे सुटे भाग मिळवणेही अवघड होऊन बसले आहे.

काकांनी डोळ्याला भिंग लावले आणि घड्याळाची चावी अगदी हलक्या हाताने फिरवून पाहिली. मी खाली मान घालून म्हणालो, "काका, लहानपणी मी जास्त चावी देऊन तोडलंय ते."

काका हसले. "सर, चावीनं घड्याळ तुटत नाही. चावी पूर्ण भरली की ती आपोआप थांबते. मुद्दाम जोर काढला तर गोष्ट वेगळी. ह्यात तर चावी अजून भरलेली आहे!"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मागचे झाकण उघडून मला घड्याळाचे काम समजावून सांगितले. तेच मी तुम्हांला सांगतो.

चावी फिरवली की आत एका गोल डबीत पोलादी पट्टीची स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटण्याची धडपड करते. तिचा जोर दातेरी चक्रांतून पुढे जात शेवटी एका झुलणाऱ्या चक्राकडे पोहोचतो. त्याला बॅलन्स चक्र म्हणतात. त्याच्या मध्यभागी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी १६७५ साली अशी स्प्रिंग घड्याळात वापरण्याची कल्पना मांडली आणि खिशातली घड्याळे पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक झाली. हे चक्र एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुलते. प्रत्येक झोक्याला पुढच्या चक्राचा दाता अडतो आणि सुटतो. त्याचाच आवाज म्हणजे टिकटिक. 'जनता' घड्याळात असे झोके तासाला १८,००० होतात. म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला चार लाख बत्तीस हजार!

एवढे झोके घेताना चक्रांच्या टोकांची झीज होऊ नये म्हणून ती टोके बारीक लाल खड्यांत बसवलेली असतात. हे खडे दागिन्यांसाठी नसतात. ते कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे घर्षण कमी होते. दादांच्या घड्याळात असे १७ खडे आहेत. या खड्यांत तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब घालावा लागतो. घड्याळ वर्षानुवर्षे पडून राहिले की तेल सुकते आणि चिकट होते. मग स्प्रिंगचा जोर चक्रांना फिरवू शकत नाही.

"तेच झालंय," काका म्हणाले. "तुम्ही चावी दिलीत तेव्हा तेल आधीच सुकलं होतं. जोर आतच अडकून राहिला. बोट ठेवा इथं."

मी चावीवर बोट ठेवले. काकांनी चिमट्याने आतला एक लहानसा खटका बाजूला केला. माझ्या बोटाखाली चावी हळूहळू उलटी फिरू लागली. मित्रांनो, बारा वर्षांच्या मुलाने दिलेली ती चावी चोवीस वर्षे त्या डबीत तशीच होती! ती सुटत गेली, तसे माझ्या मनावरचे ओझेही सुटत गेले.

नंतर काकांनी झाकणाची आतली बाजू माझ्यासमोर धरली. भिंगातून पाहिले, तर तिथे सुईने कोरलेले बारीक आकडे दिसले: ११-७६, ३-८०, १-८४, १२-८७, ६-९१, २-९५. घड्याळ साफ केले की पुष्कळ कारागीर महिना आणि वर्ष असे आत कोरून ठेवतात. म्हणजे दादा दर तीन-चार वर्षांनी घड्याळ साफ करून घेत होते. शेवटची नोंद १९९५ ची. त्यानंतर काही नाही. घड्याळ कोणी तोडले नव्हते. दादांनंतर त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

काकांनी आठ दिवस मागितले. काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवून घेतले. यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून धुवायचा, वाळवायचा आणि तेल घालून पुन्हा जोडायचा. इतकी वर्षे ताणून राहिल्यामुळे मोठी स्प्रिंग थकली होती. ती बदलायची. तडा गेलेली काच बदलायची. पण तबकडी तशीच ठेवायची. ती पिवळी पडली आहे आणि चार आकड्याजवळ तिच्यावर एक डाग आहे. "तबकडी रंगवून देऊ शकतो," काका म्हणाले, "पण मग ती दादांनी पाहिलेली तबकडी राहणार नाही." मी म्हणालो, "डाग राहू द्या."

आठ दिवसांनी घड्याळ मिळाले. काकांनी जुनी स्प्रिंग आणि जुनी काच कागदाच्या पुडीत घालून परत दिली. झाकणाच्या आत सातवी नोंद झाली होती. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते. हे ऐकून तुम्ही हसाल. पण हिशेब करून पाहा. दिवसाचे सेकंद ८६,४०० आणि चूक तीस सेकंदांची. म्हणजे २,८८० सेकंदांत एका सेकंदाची चूक! पन्नास वर्षांच्या यंत्राला एवढे माफ करायला हवे.

घरी येऊन मी घड्याळ अब्बांच्या हातात दिले. त्यांनी ते कानाशी धरले. बराच वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तेव्हाच कारागिराकडे न्यायला हवं होतं, बेटा. चूक तुझी नव्हती, माझी होती." चोवीस वर्षांपूर्वी न बोललेले अब्बा त्या दिवशी बोलले. आता रोज फजरनंतर अब्बा घड्याळाला चावी देतात.

मित्रांनो, तुमच्या घरी असे घड्याळ सापडले, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. चाकूने किंवा सुरीने त्याचे झाकण उघडू नका. बरीच वर्षे बंद असेल तर चावी देत बसू नका. सुकलेल्या तेलावर चालवल्यास भाग झिजतात. जाणत्या कारागिराकडे न्या. काय बदलणार आणि खर्च किती येणार, हे आधी विचारा. काढलेले जुने भाग परत मागा. दुरुस्तीनंतर रोज ठरलेल्या वेळी चावी द्या आणि ती अडली की थांबा. पाणी आणि लोहचुंबक यांपासून घड्याळ दूर ठेवा. दर चार-पाच वर्षांनी ते साफ करून घ्या.

आणि आणखी एक गोष्ट. एखादी वस्तू बिघडली, की कोणी बिघडवली हे आपण लगेच ठरवून टाकतो. ती का बिघडली, हे मात्र उघडून पाहत नाही. दादांच्या घड्याळाचे झाकण २००० सालीच उघडले असते, तर एका मुलाची चोवीस वर्षे हलकी झाली असती.

शब्दार्थ

निगा राखणे – काळजी घेणे
पाळी – गिरणीतील कामाची ठरलेली वेळ
कोनाडा – भिंतीत वस्तू ठेवण्यासाठी केलेली जागा
तबकडी – घड्याळाची आकडे असलेली चकती
भिंग – बारीक वस्तू मोठी दाखवणारी काच
बोळ – अरुंद गल्ली
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासणे
उघडकीस येणे – लपलेली गोष्ट सर्वांना कळणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादांनी घड्याळ कोणत्या साली घेतले?
(आ) घड्याळात लाल खडे कशासाठी बसवतात?
(इ) झाकणाच्या आत कसले आकडे कोरलेले होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने पहिल्या दुकानातून घड्याळ परत का घेतले?
(आ) "ह्यात तर चावी अजून भरलेली आहे!" असे काका का म्हणाले?
(इ) अब्बांनी चूक आपली होती असे का म्हटले असेल?

३. 'दुरुस्त', 'कारागीर', 'परवानगी', 'माफ' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी घरच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.