सर्व्हिसिंगनंतरची मोटारसायकल : चेन, क्लच आणि आपले कर्तव्य

व्यापारी कुटुंबात मोटारसायकल ही आता तराजू आणि रोजकीर्द यांच्याइतकीच नित्याची वस्तू झाली आहे. सिकंदराबादेत जनरल बाजार, मोंडा मार्केट, राणीगंज या भागांतील पेढ्यांची वसुली, नमुन्यांची ने-आण, बँकेची कामे आणि मुलांना शाळेत पोहोचविणे, हे सारे तिच्यावर चालते. असे असूनही तिच्याविषयीचे आपले ज्ञान पेट्रोल व हवा यांपलीकडे क्वचितच जाते. बाकीचे सर्व आपण विक्रेत्याच्या सर्व्हिस केंद्रावर सोपवितो आणि गाडी धुऊन-पुसून परत आली म्हणजे ती निर्दोष झाली असे समजतो.

तथापि अनेकदा उलट अनुभव येतो. गाडी सर्व्हिसिंग होऊन आल्यावर मागील चाकाकडून खडखड ऐकू येते, निघताना हिसका बसतो, गिअर कष्टाने पडतो, किंवा इंजिन मोठ्याने गर्जते पण वेग वाढत नाही. हे दोष बहुतांशी इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत नेणाऱ्या भागांत असतात. त्यांची ओळख करून देणे आणि अशा वेळी काय करावे हे सांगणे, हा या पाठाचा हेतू आहे.

शक्तीचा मार्ग

इंजिनात निर्माण झालेली शक्ती प्रथम क्लचमधून गिअरपेटीत जाते. तेथून ती पुढील लहान दातेरी चक्रावर येते. कारागीर त्यास स्प्रॉकेट म्हणतात. त्यावरील चेन मागील मोठे स्प्रॉकेट फिरविते आणि त्याबरोबर चाक फिरते. आज वापरात असलेल्या रोलर चेनची रचना हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर येथे 1880 साली सिद्ध केली. तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही आणि तिला योग्य ढील, सरळ रेषा व वंगण यांची असलेली गरजही बदललेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, सर्व्हिसिंगमध्ये नेमक्या याच भागांना हात लागतो. चेन ताणली जाते, चाक मागे-पुढे सरकविले जाते, क्लचची तार जुळविली जाते, तेल बदलले जाते. म्हणून कामानंतर लगेच उद्भवलेल्या दोषात प्रथम जुळणीचा संशय घ्यावा. मोठ्या खर्चाचा भाग बदलण्याचा विचार त्यानंतर करावा. याची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. स्प्रॉकेटचे दात आधीच झिजलेले असले आणि मालकाने खर्च वाचविण्यासाठी केवळ चेन नवी घातली, तर आवाज येणारच व नवी चेनही लवकर झिजणार. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावीत, असे जाणते मिस्त्री सांगतात ते याच कारणाने. येथे दोष मिस्त्रीचा नसून काटकसरीचा असतो.

घरी करावयाची तपासणी

ही तपासणी इंजिन बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच करावी. इंजिन चालू ठेवून चेन पुसल्यास बोट गमाविण्याचा धोका असतो.

1. चेनची ढील : खालच्या पट्टीच्या मध्यावर चेन वर-खाली हलवून पाहावी. नित्य वापराच्या पुष्कळ गाड्यांत ही ढील 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. एका जागी ताठ व दुसऱ्या जागी सैल आढळल्यास चेन असमान झिजली आहे. चेन अति ताणलेली असणे हे सैल असण्याइतकेच वाईट, कारण माणूस बसल्यावर ती अधिकच ताणली जाते आणि गिअरपेटीच्या बेअरिंगवर भार येतो.

2. चाकाची रेषा : मागील आसाच्या दोन्ही बाजूंस खुणा असतात. डाव्या-उजव्या खुणा समान नसतील तर चाक तिरपे बसते व स्प्रॉकेटचे दात एका कडेने झिजतात. आसाची नट घट्ट आहे आणि जेथे पिन असते तेथे ती बसविली आहे, हेही पाहावे.

3. जोडकडी : चेनला क्लिपची जोडकडी असेल तर क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेस हवे. उलट बसविलेली क्लिप निसटू शकते.

4. क्लच : लिव्हरच्या टोकाशी थोडा मोकळा खेळ असावा, पुष्कळ गाड्यांत तो 10 ते 20 मिलिमीटर असतो. खेळ मुळीच नसेल तर क्लच घसरतो, इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही. खेळ फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर अडतो.

5. तेल : बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारकारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती येथे क्लच घसरविण्यास कारण होतात. डब्यावर जॅसो एम.ए. किंवा एम.ए.2 ही खूण आहे का, हे बिलाशी ताडून पाहावे.

6. चेनचे आवरण : कामासाठी काढलेले आवरण व मागील चाकाची जाळी परत बसविली आहे याची खात्री करावी. मागे बसलेल्या स्त्रीची साडी वा ओढणी चाकात ओढली जाऊन भयंकर अपघात होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 याच रक्षणासाठी आहे.

ढील फार असल्यास, चेन दातांवरून उडत असल्यास किंवा आसाची नट सैल आढळल्यास ती गाडी चालवीत नेऊ नये; मिस्त्रीस घरी बोलवावे. धावत्या गाडीची चेन उतरून मागील चाक जागीच अडकू शकते. तेव्हा पडणारा मनुष्य आपला पुत्र असेल, कन्या असेल किंवा आपल्याच कामासाठी निघालेला दुकानातील नोकर असेल. आपल्या धर्मात ज्यास जयणा म्हटले आहे, ती चालण्या-बोलण्यापुरतीच नसून अशा वाहनाच्या बाबतीतही पाळावयाची आहे.

तक्रार कशी करावी

प्रत्येक वाहनाचे वहीत एक स्वतंत्र खाते असावे. त्यात सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटरचा आकडा, बदललेले भाग, तेलाचे नाव व बिलाचा क्रमांक लिहावा. जुने भाग परत मागून घ्यावेत. दोष आढळताच तारीख व किलोमीटरसह त्याची नोंद करावी आणि गाडी त्याच केंद्राकडे न्यावी. दुसऱ्याकडून आधी उघडून घेतल्यास दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते. मिस्त्रीस सोबत घेऊन गाडी चालवून दाखवावी, तक्रार जॉबकार्डावर त्याच शब्दांत लिहून घ्यावी व प्रत मागावी. शब्द सौम्य असावेत, नोंद मात्र स्पष्ट असावी.

एवढ्याने काम न झाल्यास केंद्राच्या प्रमुखास व नंतर उत्पादक कंपनीस लेखी कळवावे. पुढे राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक 1915 उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सदोष सेवेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. सामोपचाराने तोडगा निघण्यासारखा असेल तर या कायद्यात मध्यस्थीचीही सोय आहे.

व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेढीच्या नावे घेतलेल्या वाहनाबाबत ‘व्यापारी प्रयोजन’ असा आक्षेप निघू शकतो. स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठीच केलेला वापर कायद्याने यातून वगळला आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या वापराचा हेतू महत्त्वाचा मानला. म्हणून खरेदीचे कागद व वापराची नोंद नीट ठेवणे हिताचे.

विक्रेत्याच्या आसनावरून

आपण केवळ ग्राहक नाही. सुटे भाग विकणारे बंधूही आपल्यात आहेत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल देणे, हा एक अतिचार सांगितला आहे. नक्कल चेन विकणाऱ्याच्या गल्ल्यात चार रुपये अधिक पडत असतील. पण ती तुटते तेव्हा गाडीवर कोण बसलेले असेल हे त्यास ठाऊक नसते. सर्व्हिस केंद्राकडून आपण जी सचोटी मागतो, तीच आपल्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुडक्यात असली पाहिजे.

घरातील तरुणांनी हा पाठ वाचून प्रथम आपल्याच गाडीची ढील मोजावी व ती वहीत लिहून ठेवावी. पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी तोच आकडा त्यांच्या उपयोगी पडेल.