मतदार यादीतले तिचे नाव
(पुण्यातील स्त्रियांच्या निवडणूक-कार्याचा एक अभ्यास)

निवडणूक जवळ आली की पुण्याच्या पेठांतील आणि उपनगरांतील महिला मंडळांना एकदम भाव येतो. एरवी भजन, भिशी, पाककृतींची स्पर्धा आणि वर्षाकाठी एखादी सहल यांत रमलेल्या मंडळाची प्रत्येक उमेदवाराला आठवण होते. मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या घरी माणसे येऊन बसतात, चहा होतो आणि ‘आपल्या भगिनींची किती मते आहेत?’ हा प्रश्न हळूच पुढे येतो. मते किती, हे विचारले जाते. त्या भगिनींची नावे यादीत आहेत का, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. निवडणुकीच्या दिवसांत स्त्रियांच्या संघटना पुष्कळ कामे करतात : घरोघर प्रचार, कोपरा-सभा, फेऱ्या, मतदानाच्या दिवशी टेबलावर बसणे. परंतु या सर्व कामांत खरे राजकीय काम कोणते, असा प्रश्न विचारला तर ‘स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने यादीत आणणे’ हे त्याचे उत्तर आहे, असे मला वाटते. पुण्याच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे हे म्हणणे अधिक स्पष्ट होईल.

१. मतावाचूनची मिरवणूक

पुण्यातील स्त्रिया राजकीय मागणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा कायदे कौन्सिलाच्या निवडणुकीत त्यांना मताचा अधिकार नव्हता. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात एक कायदा झाला व त्यान्वये नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्याच्या नगरपालिकेपुढे हा प्रश्न आला तेव्हा वाद पेटला तो मुलींवरून. पैशाची अडचण आहे, तेव्हा आधी मुलांपासून प्रारंभ करावा, असे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे होते. मुलामुलींना सक्ती एकदमच हवी, अशी दुसऱ्या पक्षाची भूमिका होती व महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती हिरिरीने मांडली. १९२० साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मिरवणूक काढली आणि मुलींच्या शिक्षणाची मागणी नगरपालिकेपर्यंत नेली.

रमाबाईंच्या मागे सेवासदनाचे अकरा वर्षांचे काम उभे होते. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेत प्रौढ स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. त्यामुळे ती मिरवणूक एका दिवसाच्या उत्साहातून निघालेली नव्हती. तरीही निर्णय घेणारे सभागृह पुरुषांचे होते. जिच्या हाती मत नाही तिची मागणी ‘पैसा नाही’ एवढ्या दोन शब्दांनी पुढे ढकलता येते, हा धडा त्या वर्षाने दिला. पुढे मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही रमाबाईंनी भाग घेतला, यात नवल नाही.

२. पत्नी म्हणून मत

१९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मत दिले नाही. तो निर्णय प्रांतिक कायदे कौन्सिलांवर सोपविला. मद्रासने व मुंबईने १९२१ साली स्त्रीला मताधिकार दिला. परंतु मतासाठी मालमत्तेची अट होती. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, कर भरल्याची पावती दिराच्या नावाने! अशा समाजात ही अट किती स्त्रिया पुऱ्या करणार? देशभराचा हिशेब साधारणपणे वीस पुरुष मतदारांमागे एक स्त्री मतदार, असा सांगितला जातो.

१९३५ च्या कायद्याने हे प्रमाण सुमारे पाचास एक असे झाले. परंतु ते ज्या मार्गाने वाढले तो मार्ग पाहण्यासारखा आहे. साक्षर स्त्रीला मत मिळाले ते एक झाले. त्याबरोबरच मालमत्ताधारक पुरुषाची पत्नी या नात्यानेही मत देण्यात आले. म्हणजे मत तिचे, पण पात्रता पतीची. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ६ जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या.

या ‘पत्नी’च्या अटीला ज्या संस्थांनी विरोध केला, त्यांतील एक पुण्यातच जन्मलेली होती, ही गोष्ट आपल्या विद्यार्थी-वर्गाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात भरले होते. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या. प्रारंभी परिषदेचा विषय केवळ शिक्षणसुधारणा हा होता आणि राजकारणापासून दूर राहण्याचे तिचे धोरण होते. पण शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला की लग्नाच्या वयाचा प्रश्न येतो, त्यासाठी कायदा लागतो आणि कायदा म्हटला की मत आलेच. काही वर्षांतच हीच परिषद ‘आम्हांला पत्नी म्हणून नको, नागरिक म्हणून मत द्या, प्रौढ मताधिकार द्या’ असे म्हणू लागली.

३. अठ्ठावीस लाख

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी झाली. घरोघर जाऊन नावे लिहून घेताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच त्यांनी वा घरच्या माणसांनी सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीतून गळाली. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश अशा प्रांतांतील होत्या.

सेन यांचा निर्णय त्या वेळी कठोर वाटला असेल. पण त्यामागील तत्त्व मोठे होते. राज्यघटना मत देते ते व्यक्तीला, नात्याला नव्हे. १९३५ च्या कायद्याने जे नाते पात्रतेचे साधन केले होते, ते १९५१ मध्ये अपात्रतेचे कारण ठरले.

त्याच निवडणुकीत पुणे दक्षिण मतदारसंघातून काँग्रेसच्या इंदिराबाई मायदेव लोकसभेवर निवडून गेल्या. ज्या शहरात बत्तीस वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेसाठी मिरवणूक काढावी लागली होती, त्या शहराच्या एका मतदारसंघाने पहिल्याच लोकसभेत एक स्त्री पाठविली, ही पुण्याला भूषणावह गोष्ट आहे.

४. यादी वाचण्याचे काम

‘अमक्याची बायको’ असे सांगण्याची रीत आपल्याकडे नाही, असे म्हणून आपण समाधान मानू. पण आपल्याकडे दुसरी रीत आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायचे आणि माहेरचे नाव तिथेच सोडून द्यायचे. खुद्द रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. आडनाव तर बदलतेच, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि कित्येकींचे स्वतःचे नावही जाते. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि आधार कार्डावर कदाचित तिसरेच, अशी स्थिती होते. पुरुषाच्या बाबतीत हा घोटाळा क्वचितच होतो.

गेल्या निवडणुकीपूर्वी आमच्या भागातील एका महिला मंडळाबरोबर मी आठ दिवस यादी घेऊन फिरले. मंडळ कोणत्याही पक्षाचे नव्हते. काम साधे होते : यादीचा एक भाग घ्यायचा, घर क्रमांकाप्रमाणे जायचे, नाव वाचायचे आणि ती व्यक्ती तिथे राहते का ते विचारायचे. वेळ दुपारची ठेवली होती, कारण सकाळी कोणाला सवड नसते आणि संध्याकाळी दार उघडणारा पुरुष सर्वांच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो.

एका घरी सुनेने दार उघडले. यादीतले एक स्त्रीचे नाव वाचले, तर ती म्हणाली, ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही.’ आम्ही त्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली. अशा नावांची चौकशी होऊन ती पुढे वगळली जाऊ शकतात. आम्ही जिना उतरणार, एवढ्यात आतून आवाज आला, ‘अगं, ती मीच!’ आजी बाहेर आल्या. त्यांच्याजवळ असलेल्या शाळेच्या दाखल्यावरून त्यांची कागदपत्रे झाली होती. त्यामुळे यादीत माहेरचे नाव लागले होते. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या घरात त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. सुनेला ते ठाऊकच नव्हते. पेन्सिलीची खूण खोडताना मंडळाच्या बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या घरापासून मात्र त्यांनी प्रश्न बदलला. ‘या नावाच्या कोणी राहतात का?’ असे न विचारता ‘घरातल्या सगळ्या बायकांची माहेरची आणि सासरची नावं सांगा,’ असे त्या विचारू लागल्या.

दुसरा प्रकार स्थलांतराचा. जुने वाडे पाडून इमारती उठल्या, भाडेकरू धायरीकडे, कात्रजकडे गेले. नावे मात्र सदाशिव आणि शुक्रवार पेठेतच राहिली. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या गावी आणि राहणे पुण्यात, हाही नित्याचा अनुभव. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी व पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, एवढी माहिती प्रत्येक मंडळातील दोघी-तिघींना असली तरी पुष्कळ काम होते. पूर्वी १ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण असण्याची एकच तारीख होती; २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात.

तिसरा प्रश्न घरकाम करणाऱ्या बायकांचा. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचा नियम व्यवसाय-धंद्यातील कामगारांसाठी आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तो कोण लागू करणार? उलट त्या दिवशी मालकमंडळी घरी असतात, म्हणून काम जास्तच असते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महिला मंडळातील सुशिक्षित सभासदांनी त्या एका दिवशी स्वतःच्या घरची भांडी स्वतः घासली, तर ते कोणत्याही फेरीपेक्षा उपयोगी निवडणूक-कार्य होईल.

५. हळदीकुंकू आणि वाण

स्त्रियांना एकत्र आणण्याचे आपल्याकडील सर्वात सोपे साधन म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू. २०१२ आणि २०१७ या दोन्ही वर्षी पुणे महानगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारीत झाली. म्हणजे प्रचाराची धामधूम आणि हळदीकुंकवाचा हंगाम एकच. साहजिकच उमेदवारांच्या वतीने मोठमोठे समारंभ होऊ लागले आणि वाणात तिळगुळाच्या पुडीऐवजी डबे, पातेली, साड्या दिसू लागल्या. मतासाठी भेटवस्तू देणे हा कायद्याने भ्रष्टाचार आहे. पण वाण नाकारणे म्हणजे अपशकुन, असे मानणाऱ्या बाईला तो नियम कसा समजावणार? हे काम निरीक्षकाचे नाही, मंडळाचे आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे. हळदीकुंकवाला विधवेला बोलावीत नाहीत. रमाबाई रानडे यांना १९०१ साली वैधव्य आले. ज्या बाईने पुण्यातील स्त्रियांना सार्वजनिक कामात आणले, तिला अशा समारंभात रूढीप्रमाणे स्थान नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मतदार यादीत सुवासिनी आणि विधवा असा रकाना नाही. मग मतदारांच्या मेळाव्यात तरी तो का असावा?

६. निकालानंतर

७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्मे झाले. २०१२ च्या निवडणुकीत पुणे महानगरपालिकेच्या १५२ जागांपैकी ७६ स्त्रियांसाठी राखीव होत्या. ही लहान गोष्ट नव्हे. अनेक नगरसेविकांनी उत्तम काम केले. परंतु फलकावर नगरसेविकेच्या शेजारी तिच्या यजमानांचे तेवढेच मोठे छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक त्यांचाच, हे दृश्यही आपण पाहिले आहे. १९३५ मधली ‘पत्नी’ची अट कायद्यातून गेली, फलकावरून ती जायची आहे.

म्हणून मंडळाचे काम निकालाच्या दिवशी संपू नये. वर्षातून एकदा लोकप्रतिनिधीला मंडळात बोलवावे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे किती झाली, गल्लीतले दिवे कधी लागणार, पाणी किती वाजता येणार, हे विचारावे. नगरसेविका असेल तर तिलाच बोलवावे आणि उत्तरही तिच्याकडूनच घ्यावे. २०२२ च्या मार्चमध्ये महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली व पुढे काही वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, हा प्रश्न त्या काळात सर्वात आधी पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला पडला.

समारोप

येथवरच्या विवेचनातून एवढे ध्यानात येईल की, पुण्यातील स्त्रियांच्या राजकीय कार्याची शंभर वर्षे म्हणजे एका अर्थाने नाव मिळविण्याची शंभर वर्षे होत. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, तोही याच वाटेवरचा आहे.

आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी-विद्यार्थिनींना एक विनंती करून हा लेख संपविते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची वाट न पाहता आज घरी गेल्यावर आई, आजी आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी यांची नावे यादीत कशी लागली आहेत, हे पाहावे. यादी ऑनलाइन उपलब्ध आहे. दहा मिनिटांचे काम आहे. नाव सापडले नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नये. आधी आजीला तिचे माहेरचे नाव विचारावे.