स्टॅकमधला सरपंच कोण?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पण दुर्बीण एकच. कारण मध्यवर्ती केंद्रातून ऑप्टिकल फायबरने सगळ्यांना एकच संदर्भ-सिग्नल जातो. तिथे प्रमुख कोण, हे बांधतानाच ठरलंय. नेटवर्क स्विचच्या स्टॅकमध्ये मात्र प्रमुख निवडणुकीने ठरतो.

स्टॅक म्हणजे खास केबलने रिंगसारखे जोडलेले स्विच. बाहेरून ते एकच स्विच दिसतात. आयपी अॅड्रेस एक, कॉन्फिगरेशन एक. ते सांभाळणारा तो मास्टर, बाकीचे मेंबर. उदाहरणाला सिस्कोची ३७५० मालिका घेऊ. ती आता विक्रीतून गेली, पण नियम समजायला सोपी आहे. तिच्यात जास्तीत जास्त ९ स्विच जोडता येतात.

वीज आली की प्रत्येक स्विच आधी स्वतःची तपासणी करतो, मग शेजारी कोण आहे ते बघतो. साधारण २० सेकंदांच्या आत चालू झालेले सगळे निवडणुकीत उतरतात. क्रम असा :

१) आधीच मास्टर असलेला.
२) जास्त प्रायॉरिटीचा (१ ते १५, आपण काही न दिल्यास १).
३) ज्याच्या पोर्टचं कॉन्फिगरेशन आधी केलेलं आहे तो.
४) पुढे सॉफ्टवेअर वगैरे बघून, शेवटी सर्वांत लहान मॅक अॅड्रेसचा.

म्हणजे आपण काहीच ठरवलं नाही, तर कारखान्यात छापलेला मॅक अॅड्रेससुद्धा सरपंच ठरवू शकतो! आणि मेंबर नंबर १ म्हणजे मास्टर, असंही नाही. तो नंबर फक्त पोर्टच्या नावासाठी.

पहिला नियम नीट बघा. १५ प्रायॉरिटीचा स्विच उशिरा चालू झाला, तर तो मेंबर म्हणूनच येतो. बसलेल्या सरपंचाला कोणी उठवत नाही.

खरा धोका पुढे आहे. समजा, लॅबमधला जुना स्विच चालू ठेवूनच होस्टेलच्या स्टॅकला जोडला. आता दोन्हीकडे मास्टर आहेत, म्हणून निकाल प्रायॉरिटीवर. जुन्याची १५ आणि आपली १ असेल, तर तो जिंकतो. आपले स्विच रीस्टार्ट होतात आणि त्याचं कॉन्फिगरेशन घेतात. सगळ्या होस्टेलचं नेट बंद!

म्हणून तीन गोष्टी करा. मास्टरला १५ आणि त्याच्या वारसाला १४ प्रायॉरिटी द्या. नवा स्विच जुनं कॉन्फिगरेशन पुसून, बंद करूनच जोडा. स्टॅक केबलची रिंग पूर्ण ठेवा. ती दोन ठिकाणी तुटली तर एकाच आयपीचे दोन मास्टर तयार होतात.

नव्या मालिकांत मास्टरला अॅक्टिव्ह म्हणतात आणि त्याचा वारस, म्हणजे स्टँडबाय, आधीच निवडलेला असतो. पण प्रायॉरिटी तिथेही आपणच द्यायची असते. आपल्याकडे वीज जाणं-येणं काही नवीन नाही. ती परत आल्यावर कोण मास्टर होणार, हे आज कागदावर लिहून रॅकला चिकटवता येतं का, बघा. येत नसेल, तर ते अजून कोणी ठरवलेलंच नाही!