पाटीवरची पेन्सिल आणि डब्यातला खाऊ

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांची तक्रार ऐकून बाकावरचे दोघे-तिघे हसले. मुलगी पाटीवरच्या पेन्सिली खात होती. दप्तरात लपवून ठेवायची, आईने काढून घेतल्या तर मैत्रिणीकडून मागून आणायची. "आमच्या सासूबाई म्हणतात, लाडावलीय, दोन रट्टे द्या म्हणजे सुटेल," बाई म्हणाल्या. रट्टे देऊन झाले होते. सवय काही सुटली नव्हती.

मी मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू लालसर दिसायला हवी, ती पांढुरकी होती. नखे फिकी, जीभ फिकी. मग तिचा जुना केसपेपर काढला आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले. आधीच्या दीड वर्षात ती तीन वेळा माझ्याकडे येऊन गेली होती. दोनदा खोकल्यासाठी, एकदा 'वर्गात झोपते, खेळताना दमते' म्हणून. तिन्ही वेळा मी औषधाबरोबर टॉनिकची बाटली लिहून दिली होती. ही मुलगी दिवसभर खाते काय, हे मात्र एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझी, आणि म्हणूनच हा लेख.

रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.६. या वयात ते निदान ११.५ हवे. माती, खडू, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ किंवा पेन्सिल खाण्याची अनावर इच्छा हे पुष्कळदा शरीरात लोह कमी पडल्याचे लक्षण असते. अशा मुलाला शिक्षा नको, रक्ततपासणी हवी.

पोट भरते, रक्त भरत नाही

मी बाईंना मुलीचा आदल्या दिवसाचा आहार सांगायला लावला. सकाळी चहा आणि चार बिस्किटे. शाळेच्या डब्यात बिस्किटाचाच पुडा किंवा झटपट होणाऱ्या नूडल्स. दुपारी वरण-भात, भाजी ताटाच्या कडेला सारलेली. संध्याकाळी शिकवणीला जाताना दुकानातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, आल्यावर पुन्हा चहा. रात्री भूक नाही म्हणून अर्धी पोळी.

वाचकहो, हे एकाच घराचे चित्र नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते. यांतली सगळीच घरे उपाशी नाहीत. पुष्कळ घरांत मुलांचे पोट भरते, पण कशाने भरते याकडे लक्ष जात नाही.

लहान मुलाचे पोट लहान असते. त्याला दोन जेवणांत दिवसभराचे पोषण घेता येत नाही. सकाळचे खाणे, शाळेचा डबा आणि संध्याकाळचा खाऊ या तीन वेळाही जेवणाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. नेमक्या याच तीन वेळा आपण मैदा, साखर, मीठ आणि तेल यांच्या हवाली केल्या आहेत. ग्लुकोजच्या बिस्किटात साधारण पाव भाग साखर असते. उरलेला मोठा भाग मैदा आणि तेल. चार बिस्किटे खाल्ली की तात्पुरती भूक मरते आणि जेवणाच्या वेळी मूल ताटाकडे पाहत नाही.

त्यावर चहा म्हणजे दुहेरी तोटा. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. याउलट लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांतले 'क' जीवनसत्त्व धान्य-कडधान्यांतले लोह शोषून घ्यायला मदत करते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत चवीपुरती नाही, ती शास्त्राला धरून आहे. आणि त्याच पोह्यांबरोबर चहा घेण्याची पद्धत मात्र त्यावर पाणी ओतते. मुलांना चहा देऊच नये. मोठ्यांनी तो खाण्याच्या आधी किंवा नंतर तासभर अंतर ठेवून घ्यावा.

"करू कधी, तेवढं सांगा"

हे सगळे मी त्या बाईंना ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, साडेपाचला नळ येतो. मी नऊला दुकानात कामाला जाते ती सातला येते. खाऊ मुलांना नको असं थोडंच आहे? करू कधी, तेवढं सांगा."

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळी घरी सौ.ला विचारले. ती म्हणाली, "रोज करायचं म्हटलं तर कोणालाच जमणार नाही. रविवारी डबे भरून ठेवायचे. आपली मुलं काय रोज ताजं खात होती?" पुढच्या रविवारी मीच ओटा गाठला. पहिला घाणा शेंगदाणे माझ्या हातून करपले, पण त्यानंतरचे जमले. म्हणून पुढच्या कृती मी खात्रीने सांगू शकतो. ज्याला चहापलीकडे काही येत नव्हते, त्याला जमल्या म्हणजे कोणालाही जमतील.

रविवारी तासभर काढून चार डबे भरायचे. पहिल्यात भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्यात फुटाणे आणि चुरमुरे. तिसऱ्यात बाजरीचे पीठ चार वाट्या आणि बेसन एक वाटी, एकत्र करून. चौथ्यात लाडू. याखेरीज बुधवारी आणि शनिवारी रात्री मूठ-दोन मूठ मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मोड येताना कडधान्यातली लोह अडवणारी द्रव्ये कमी होतात आणि 'क' जीवनसत्त्व वाढते.

चार सोप्या कृती

शेंगदाणा-तिळाचे लाडू : भाजून सोललेले शेंगदाणे दोन वाट्या, भाजलेले तीळ अर्धी वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, वेलदोड्याची पूड चिमूटभर. सगळे मिक्सरमधून थांबत थांबत फिरवावे. शेंगदाण्याला तेल सुटू लागले की लाडू वळतात. पाक नको, तूप नको. लिंबाएवढे अठरा-वीस लाडू होतात आणि कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस चांगले राहतात. शाळेच्या डब्यात रोज एक द्यावा.

बाजरीचे धिरडे : तिसऱ्या डब्यातले पीठ एक वाटी, बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर मूठभर, एक चमचा तीळ, हळद, तिखट, मीठ. पाणी घालून भज्यांपेक्षा सैल भिजवावे, दहा मिनिटे ठेवावे. लोखंडी तव्यावर थोडे तेल लावून पळीने पसरावे, झाकण ठेवावे, उलटावे. एका वाटीत तीन-चार धिरडी होतात. सोबत टोमॅटोची कच्ची कोशिंबीर किंवा लिंबाची फोड. लोखंडी तव्या-कढईतले थोडे लोह अन्नात उतरते, म्हणून माळ्यावर टाकलेला तवा खाली काढावा.

मटकीचे पोहे : नेहमीचे कांदेपोहेच करायचे. फोडणीत कांद्याबरोबर मोड आलेली मटकी वाटीभर घालून झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफवावी, मग भिजवलेले पोहे घालावेत. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे, कारण उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नाश पावते.

पाच मिनिटांची भेळ : चुरमुरे दोन मुठी, फुटाणे एक मूठ, शेंगदाणे अर्धी मूठ, चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ-तिखट, वर लिंबू. ही मुले स्वतः करू शकतात. त्या मुलीने पुढे हे काम आपल्याकडेच घेतले. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात, फुटाण्यात सुमारे पाचवा. पाकिटातल्या कुरकुरीत पदार्थात तेवढी नसतात.

जे अंडी, मासे, मटण खातात त्यांनी मुलांना आठवड्यातून दोन-तीनदा जरूर द्यावे. मांस-मासळीतले लोह शरीराला धान्यातल्या लोहापेक्षा सहज मिळते. उकडलेल्या अंड्याइतका सोपा आणि प्रथिनांनी भरलेला डबा दुसरा नाही.

खर्चाचेही सांगतो. दहा रुपयांचा एक पुडा रोज धरला तर महिन्याचे तीनशे होतात. तेवढ्यात आमच्या गावी किलोभर शेंगदाणे आणि अर्धा किलो गूळ येऊन पैसे उरतात.

काही सावधगिरी

खाऊने रक्तक्षय टळतो. एकदा झालेला रक्तक्षय मात्र नुसत्या खाऊने बरा होत नाही, त्याला औषध लागते. गुळाबद्दल तर मोठा गैरसमज आहे. एका लाडवात गूळ जेमतेम चमचाभर, त्यातून मिळणारे लोह अगदी थोडे. गूळ म्हणजे शेवटी साखरच. तो चवीपुरता आहे, उपचार म्हणून नव्हे.

पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. कूट करून द्यावे. बुरशी आलेले, काळवंडलेले, कडवट शेंगदाणे भाजूनही वापरू नयेत. बुरशीतले विष भाजल्याने पुरते जात नाही आणि ते यकृताला घातक आहे.

शाळेत आणि अंगणवाडीत लोहाची औषधे मोफत मिळतात. प्राथमिक वर्गातल्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा वर्षांपुढे निळी. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये दिली जाते. "शौच काळी होते", "तोंडाला चव येत नाही" म्हणून पालक गोळ्या बंद करतात. शौच काळी होणे हा त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, घाबरू नये. मात्र या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. लहान मुलाने एकदम मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

आणि महिनाभर औषध नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर आपल्याच मनाने मात्रा वाढवू नये. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे आजार असू शकतात, त्यांची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळे.

डब्यावर हक्क कोणाचा?

त्या मुलीला मी तिच्या वजनानुसार लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली. चहा बंद केला. बाईंनी डबे भरायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत पेन्सिल खाणे थांबले. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ आणि त्यानंतर महिन्याने ११.८ झाले. औषध आणखी तीन महिने चालू ठेवले, कारण रक्त भरले तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो. शाळेतल्या बाईंनी आईला निरोप पाठवला, "आता वर्गात झोपत नाही, बोलते फार."

निरोप सांगायला त्या माउली आल्या. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून त्या दाराशी धाप टाकत उभ्या राहिल्या. मी म्हटले, "ताई, आता तुमचंही रक्त तपासू." त्या म्हणाल्या, "मला काय झालंय?" तपासले, तर ८.९. चौकशी केली तेव्हा कळले, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत होता आणि त्याबद्दल त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या. रविवारी वळलेल्या अठरा लाडवांपैकी त्यांनी स्वतः एकही खाल्ला नव्हता. "मुलांना पुरायला नको का?" हे त्यांचे उत्तर.

त्यांच्यावर उपचार सुरू केले आणि कागदावर औषधाच्या खाली लिहून दिले : रोज एक लाडू, सकाळी, स्वतः. बाई हसल्या, पण कागद जपून ठेवला. त्यांच्या सासूबाईही पुढच्या खेपेला आल्या होत्या. त्यांनी मला सांगितले, "आता लाडू मी मोजून देते, सुनेलाही." रट्ट्यांचा सल्ला देणाऱ्या त्याच या आजी.

वाचकहो, घरात शोधण्यासारख्या गोष्टी दोनच. मुलाच्या डोळ्याची खालची पापणी आज उजेडात ओढून पाहा. आणि घरातल्या आईने काल दिवसभरात काय खाल्ले, ते तिला विचारा. मी ते विचारायला दीड वर्ष उशीर केला. तुम्ही करू नका.