परभाषेचे भय आणि आभासी वास्तव

जबलपूर येथील मराठी कुटुंबातील मूल घरी मराठी बोलते व बाजारात हिंदी. या दोन्ही भाषा त्याच्या कानांवर सतत पडत असतात. बोलताना चूक झाली तरी कोणी गुण कापीत नाही. उच्च शिक्षणासाठी लागणारी इंग्रजी मात्र बहुधा वर्गातच भेटते, आणि तिच्यासोबत भयही येते.

हे भय म्हणजे आळस नव्हे. आपणांस हसतील या चिंतेत मन गुंतले, की शब्द आठवण्यास लागणारे अवधान उरत नाही. विद्यार्थी गप्प बसतो, सराव घटतो आणि भय वाढते. या भयाचे मापन करण्यासाठी अमेरिकेतील एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ३३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

येथे आभासी वास्तवाचे साहाय्य होऊ शकते. डोक्यावर चढविण्याच्या अशा उपकरणाचा एक आरंभीचा नमुना आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली दाखविला. त्याचे तत्त्व सोपे आहे. दोन्ही डोळ्यांपुढे किंचित भिन्न चित्रे येतात, म्हणून दृश्यास खोली भासते; मान वळविताच दृश्यही वळते. समजा, विद्यार्थ्यापुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे व नर्मदेतील नाव उभी केली. नावेतील परदेशी प्रवाशाला त्याने इंग्रजीत माहिती द्यावयाची आहे. तो अडखळला तरी हसणारे कोणी नाही. तेच वाक्य दहा वेळा म्हणता येते.

परंतु मनाचे स्वास्थ्य राखताना शरीराचे बिघडता कामा नये. नाव हलताना डोळ्यांस दिसते, पण कानातील तोलेंद्रियास ती गती जाणवत नाही. या विसंगतीने घेरी व मळमळ होते. शिवाय पडदा एकाच अंतरावर असून दृश्य कधी जवळ, कधी दूर भासते. त्यामुळे डोळे शिणतात. म्हणून सराव बसून व थोडा वेळच करावा, आणि घेरी येताच उपकरण उतरवावे.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आभासी प्रवासी ऐकतो, पण त्याला खरे कुतूहल नसते. भाषा अखेर माणसांसाठी असते. तेव्हा उपकरणापुढे साधलेले वाक्य प्रथम एका मित्रापुढे, मग चारचौघांत आणि शेवटी वर्गात बोलावे. शिक्षकाने ते मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्यावे व चूक मागाहून सांगावी. वर्गातील हे सौजन्य नसेल, तर उपकरण उतरविताच भय परत येईल.