थडगी, फुले आणि कॅमेरा

प्रश्न : मुलाकडे सुरतेला आले की सकाळी फिरताना जुन्या इंग्रज-डच कबरींचे आणि बागांतल्या फुलांचे फोटो मोबाइलवर काढते. शेजारीण म्हणते, कबरींचे फोटो काढणे गुन्हा आहे. खरे का? शिलालेखही नीट वाचता येत नाहीत. खडू घासू का?
— एक वाचक

उत्तर : ताई, गुन्हा मुळीच नाही. कतारगामच्या या कबरी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. हौसेने मोबाइलवर फोटो काढायला हरकत नसते. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी घ्या. वापरातल्या दफनभूमीत मात्र कुणी शोकात उभे असेल, तर मोबाइल पर्समध्येच ठेवा.

खडू अजिबात नको! तो दगडाच्या छिद्रांत बसतो, आणि घासताना अक्षरांची कड झिजते. सकाळचे तिरपे ऊन खाचांत सावली पाडते, तेव्हा फोटो घ्या. ढगाळ असेल तर बाजूने टॉर्च धरा.

फुलांचे उलटे. भर उन्हात लाल जास्वंद फोटोत नुसता लाल डाग होते. वर छत्री धरा, पाकळीच्या शिराही दिसतील.

डच दफनभूमीत हेंड्रिक फान रेडेची कबर जरूर पाहा. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा सचित्र ग्रंथ त्याच्या पुढाकाराने तयार झाला. १६९१ मध्ये तो वारला. फुलांवर जीव लावणारा माणूस तिथे विसावला आहे.