आकस्मिक ताण आणि रक्तदाबाचे नियमन

अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीसाठी दरवर्षी विराट जनसमुदाय लोटतो. महाराजांचे निर्वाण १९६८ साली झाले. अशा समुदायात स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाचे सुमारे अर्धा लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांकडे व पोटाकडे उतरते. तरीही बहुतेकांना घेरी येत नाही. मानेतील रोहिणी व हृदयालगतची महारोहिणी यांच्या भित्तिकांत दाब जाणणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब घटताच ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला सूचना देतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

त्याच गर्दीत एकाएकी रेटारेटी झाली तर? भीतीने काही सेकंदांतच अनुकंपी चेतासंस्था जागृत होते. त्वचा व आतड्यांकडील रक्त आखडते आणि स्नायूंकडे वळते. पाठोपाठ अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन स्रवते. मूत्रपिंडांतील रेनिनचा प्रभाव काही मिनिटांनी दिसू लागतो. येथे एक शंका येते: दाब वाढताच तो उतरविणारी यंत्रणा गप्प का राहते? ती गप्प नसते. मेंदू त्या वेळेपुरती तिची मर्यादाच वर सरकवितो व नव्या पातळीभोवती ती राखण करीत राहते. संकट टळल्यावर दाब सामान्यतः पूर्ववत होतो. म्हणून धावपळीत वा धास्तावलेल्या अवस्थेत मोजलेल्या एका आकड्यावरून कोणास रोगी ठरविणे योग्य नव्हे. पाच मिनिटे शांत बसवून, निरनिराळ्या दिवशी मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यासच उच्च रक्तदाबाचा विचार होतो. मात्र ज्यांना हृदयविकार आधीच आहे, त्यांना ही क्षणिक वाढही बाधू शकते.

कधी याच्या उलट घडते. रक्त पाहून, सुई टोचताना किंवा फार वेळ उभे राहून हृदयाची गती अकस्मात मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात व माणूस कोसळतो. शाळेतील लसीकरणात शिक्षकांना हा प्रसंग नवा नाही. भोवतालची मंडळी कळवळ्याने त्याला उचलून बसवितात, आणि नेमके तेच घातक ठरते, कारण मेंदूकडे रक्त चढणे त्यामुळे आणखी कठीण होते. त्याला सपाट निजवावे, पाय फूटभर उंच धरावेत, गर्दी हटवावी. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास अथवा छातीत दुखत असल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.